आपा आणि माझं कपाट

बीडमध्ये मी खोली भाड्यानं घेतली तेव्हा घरमालकीणबाईंनी तीन अटी घातल्या. जिन्यात पाणी सांडायचं नाही, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून उड्या मारायच्या नाहीत आणि तिसरी अट 'मागून सांगते'. तिसरी अट त्यांनी पहिल्या रविवारी सांगितली, तीही तोंडानं नाही. दुपारी दार वाजलं, बाई आत आल्या, मला न विचारता माझं लोखंडी कपाट उघडलं आणि "या अल्ला!" म्हणून पलंगावर बसल्या.

कपाटात तसं भयंकर काही नव्हतं. आठ-दहा साड्या, तेवढेच पंजाबी ड्रेस, परकर, ओढण्या. सगळं जिथं जागा मिळेल तिथं कोंबलेलं होतं आणि उरलेलं खुर्चीवर होतं. खुर्ची मी बसायला कधी वापरलीच नव्हती.

"मास्तरीणबाई, तुमी पोरांना शिकवता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय शिकवता, हे?"

मला राग आला होता. माणसानं भाडं घ्यावं, कपाट कशाला उघडावं? पण मी तोंड उघडायच्या आत सगळे कपडे पलंगावर आले होते आणि बाई त्यांच्या राशी करत होत्या. दीड तासानं कपाट मिटलं. डावीकडून पांढरा, मग मोतिया, लिंबू, हळदी, शेंदरी, लाल असं करत करत उजवीकडे टोकाला काळा. काळ्याला कायम शेवटी बसवायचं, कारण "ते सगळ्यांच्या पोटात शिरतं." दर रविवारी येऊन बघेन म्हणाल्या आणि खाली गेल्या. ही तिसरी अट.

साऱ्या गल्लीसारखं मीही त्यांना आपा म्हणायला लागले.

खाली, रस्त्याच्या बाजूला आपांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाऊजपीस, अस्तर, परकर, फॉल. दुकान एवढंसं, पण तिन्ही भिंती छतापर्यंत कापडाच्या ताक्यांनी भरलेल्या. नवीन माणूस आत आला की आधी गप्प व्हायचा. आपांना साडी दाखवावी लागत नसे. धारूरहून एक बाई यायच्या, त्या साडी घरीच विसरायच्या. "आपा, ती माझी नणंदेच्या बारशातली," एवढंच सांगायच्या. आपा डोळे मिटायच्या, मग स्टुलावर चढून बरोबर तो ताका ओढायच्या. कापलेला तुकडा घेऊन गिऱ्हाइकाला पायरीवर उन्हात उभं करायच्या, कारण ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ट्यूबलाइट खोटं बोलती, ऊन न्हाई," हे त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या.

कंपन्यांनी रंगांना दिलेली नावं त्यांना मान्य नव्हती. त्यांची स्वतःची नावं होती आणि गल्लीतल्या बायका तीच वापरायच्या. कच्चं सीताफळ, पिकलं सीताफळ, उसाचं पाचट, जुन्या एसटीचा लाल आणि नव्या एसटीचा लाल. हे दोन लाल वेगळे आहेत हे मला नेकनूरच्या बसनं रोज शाळेला जाऊनही कधी दिसलं नव्हतं. आपांनी सांगितल्यावर दिसलं, आणि मग ते दिसायचं थांबेना. निवडणुकीच्या दिवसांत त्या भगवा, हिरवा आणि निळा ताका एकमेकांशेजारी ठेवत नसत. "उगं दुकानात सभा कावून भरवायची?" म्हणायच्या.

छापील साडीचं काय करायचं, हा माझा प्रश्न मी एका रविवारी मुद्दाम काढला. त्यांना अडचणीत पकडायचा माझा विचार होता. माझ्याकडे एक साडी होती, तिच्यावर जांभळी फुलं, हिरवी पानं, गुलाबी कोयऱ्या आणि कुठं कुठं सोनेरी ठिपके. आता बसवा कुठं!

आपांनी साडी उलटी करून दाराशी नेली. "फुलं-बिलं सोड. जमीन बघ. जमीन कोणती हाय?"

जमीन म्हणजे कापडाचा मूळ रंग, ज्याच्यावर नक्षी छापलेली असते. ती राखाडी होती. फुलाफुलांची माझी लाडकी साडी आपांनी बेधडक राखाडीत नेऊन बसवली. "माणसाचं बी असंच. वरची नक्षी लई भुलवती," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझी जमीन कोणती, हे विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही.

त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे चाचांना, या सगळ्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचं मोटारींचं गॅरेज होतं आणि त्यांचे सगळे शर्ट एकाच रंगाचे होऊन गेले होते. आपा त्याला 'गॅरेज कलर' म्हणायच्या. त्यातही त्यांनी क्रम लावला होता, कमी ऑईल डावीकडे, जास्त ऑईल उजवीकडे. चाचा सकाळी हाताला येईल तो शर्ट घालून जायचे आणि दिवसभरात दोन शब्द बोलायचे. त्यातला एक 'चहा' असायचा.

कपाटावरून माणूस ओळखता येतो, असं आपांचं ठाम मत होतं. गल्लीत समोरच टेलरकाकू राहायच्या. आपा पीस द्यायच्या, काकू ब्लाऊज शिवायच्या, असा दोघींचा बारा वर्षांचा धंदा. काकूंच्या मुलीला कडा गावचं स्थळ आलं. मी मूळची त्या बाजूची, म्हणून वाट दाखवायला मला घेतलं आणि आपांना घेतलं नसतं तर त्या चालत आल्या असत्या.

मुलगा देखणा होता. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. समाजकार्य करतो म्हणाले. पोहे झाले, चहा झाला, काकू खूश दिसत होत्या. आपा हात धुवायला म्हणून आत गेल्या त्या परत येईनात. मी बघायला गेले तर बाई आतल्या खोलीत मुलाच्या उघड्या कपाटापुढं उभ्या आणि शेजारी मुलाची आई अभिमानानं हसत उभी.

"अकरा शर्ट. अकराच्या अकरा पांढरे," आपा मला म्हणाल्या.

"आमचा पोरगा लई टापटीप हाय," मुलाची आई म्हणाली.

"टापटीप त्याची न्हाई, ताई. धुणाऱ्याची हाय. तुमचे हात दाखवा बरं."

त्या बाईनं हात पदराखाली घेतले. परतीच्या जीपमध्ये आपांनी निकाल दिला. "ज्याच्या कपाटात एक बी मळखाऊ रंग न्हाई, तो कामाला हात लावणारा न्हाई. आज आई धुती, उद्या पोरगी धुईल. तिला संसार करू द्यायचा का नीळ घालत बसवायचं?"

काकू आठ दिवस आपांशी बोलल्या नाहीत. चांगलं स्थळ शर्टांपायी गेलं म्हणून गल्लीभर सांगत सुटल्या. मुलगी मात्र हसत होती. पुढं वर्षभरानं नेकनूरजवळचा, मोटारपंप दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याच्या कपाटात चार शर्ट निघाले, तीन मळखाऊ आणि एक लग्नाकार्याचा. आपांनी ते चारही रंगानं लावून दिले आणि "हा चालंल" म्हणाल्या.

आता माझ्याबद्दल. मी पहिले सहा महिने कुरकुर केली, मग मला त्या कपाटाची सवय लागली. माझी बस पहाटेची. त्या वेळी आमच्याकडे लाइट असेल याची खात्री नसायची. पण कपाट रंगानं लावलेलं असलं की अंधारात हात बरोबर जातो. डावीकडून चौथं हँगर हळदी, उजवीकडे काळ्याच्या अलीकडे निळा, त्याच्या मागं परकर त्याच क्रमानं. चाचपडत कपडे काढायचे, घालायचे, पळायचं. एकदाही चूक झाली नाही. हे मी आपांना कधी सांगितलं नाही, त्या डोक्यावर बसल्या असत्या.

मग एके दिवशी चूक झाली. बसमध्ये उजाडलं आणि मी खाली पाहिलं तर निळ्या साडीखालून काळा परकर डोकावत होता. शाळेत चौथीतल्या एका मुलीनं ते सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. मला वाटलं माझाच हात चुकला. पुढच्या आठवड्यात पांढरी समजून घातलेली ओढणी लिंबू निघाली. संध्याकाळी मी खिडकी उघडून कपाट नीट पाहिलं. गडद निळे कपडे काळ्यांत गेले होते. पांढरे आणि फिकट पिवळे एक झाले होते. जांभळी साडी तपकिरी ड्रेसशेजारी सुखानं नांदत होती.

मी गुपचूप सगळं दुरुस्त केलं. रविवारी आपा आल्या, कपाट उघडलं आणि भडकल्या.

"कुणी गोंधळ घातला ह्याच्यात?"

"कुणी नाही. मीच जरा..."

"तुला सांगितलंय ना हात लावू नको म्हणून! माझं लावलेलं कधी चुकत न्हाई."

आणि त्यांनी ते पुन्हा, अगदी आत्मविश्वासानं, चुकीचं लावलं. मी मागं उभी होते. त्यांचं नाक कापडाला जवळजवळ टेकलं होतं.

त्या रात्री मी त्यांना डॉक्टरांना डोळे दाखवायला सांगायचं ठरवलं, सकाळी सांगितलंही. म्हणाल्या, मोतीबिंदू हाय, ठाऊक हाय, पिकू दे. खरं कारण त्यांनी चहाचा दुसरा कप झाल्यावर सांगितलं. धारूरला त्यांची बहीण होती, तिचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून बहिणीला पांढरं निळसर दिसत होतं. "दुसरंच भिंग बसवतेत. माझा मोरपंखी मोरपंखी ऱ्हाईल का? आन न्हाई ऱ्हायला तर? नजर गेली तर दुकान गेलं. दुकान गेलं तर मी कोण? ह्या म्हाताऱ्याचे शर्ट मोजत बसणारी बाई." मी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं, आणि मी डॉक्टरांचा विषय पुन्हा काढला नाही.

मग माझा एक नवा उद्योग सुरू झाला. रविवारी आपा कपाट चुकीचं लावून जायच्या. सोमवारपासून मला पहाटे बस गाठायची असायची, म्हणून त्या गेल्या की मी ते बरोबर लावायचे. शनिवारी शाळा सकाळची. घरी आले की जेवायच्या आधी ते पुन्हा आपांच्या पद्धतीनं चुकीचं लावायचे. कुठली चूक कुठं होती हे विसरू नये म्हणून मी एक यादी केली होती आणि ती पाठ टाचणाच्या वहीत ठेवली होती. 'जांभळी तपकिरीजवळ. आकाशी राखाडीत. पोपटी ओढणी पिवळ्यांत, दुसरी.' एकदा शाळा तपासायला आलेल्या केंद्रप्रमुखांनी ती वाचली आणि हा कोणता उपक्रम म्हणून विचारलं. मी रंगओळख म्हणाले. त्यांनी खाली सही केली.

मला वाटत होतं हे फक्त मलाच माहीत आहे. एका दुपारी टेलरकाकू जिना चढून आल्या आणि पदराखालून एक पीस काढून माझ्यापुढं धरला.

"मास्तरीण, खरं सांग. हा कोणता रंग हाय?"

"विटकरी."

"आपानं मला डाळिंबी म्हणून दिला. तीन महिने झाले, असंच चाललंय. मी शिवती आन गप बसती. पर गिऱ्हाईक?"

गिऱ्हाईकही गप्प बसत होतं, असं हळूहळू उघडं झालं. प्रत्येक बाईला घरी गेल्यावर कळलं होतं. प्रत्येकीला वाटलं होतं, आपल्याच वेळी आपांचं लक्ष नसेल. एकीनंही पीस परत आणला नव्हता. आपांना चुकीचा रंग दाखवणार कोण? इतकी वर्षं या बाईनं प्रत्येकीला 'तुला रंगातलं काय कळतंय' असं ऐकवलं होतं, आणि खरंच कळत नव्हतं. सगळ्या बायका ते ब्लाऊज घालून दुकानापुढून मान वर करून चालत जायच्या. आपा पायरीवरून बघायच्या आणि म्हणायच्या, "बघा, कसं एकजीव झालंय!" आम्ही पुढच्या वळणावर जाऊन हसायचो. हसू आवरलं की वाईट वाटायचं, पण हसायचो हे खरं.

याच दिवसांत काकूंच्या मुलीचं त्या पंपवाल्याशी लग्न ठरलं. लग्न लागताना नेसायच्या पिवळ्या साडीवर गडद हिरवा ब्लाऊज हवा होता. तो आपाच निवडणार, यात चर्चा नव्हती. अर्धा दिवस त्यांनी ताके उपसले. शेवटी एक पीस कापला, मुलीच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "हा बघ हिरवा. असा हिरवा बीड जिल्ह्यात कुणाच्या अंगावर पडला नसंल."

तो निळा होता. थोडा नाही, चक्क निळा.

काकू रडकुंडीला आल्या. बाकी सगळं ठीक, पण नवरीच्या अंगावर हिरव्याच्या जागी निळं? सासरचे काय म्हणतील? त्यांनी दुसऱ्या दुकानातून हिरवा पीस आणला, शिवून तयारही ठेवला. लग्नाच्या दिवशी मुलीनं तो बाजूला सारला आणि निळा घातला. आईचं ऐकेना, मावशीचं ऐकेना. मांडवात हिरव्या बांगड्या, पिवळी साडी आणि निळा ब्लाऊज. वरमाईनं दोनदा निरखून पाहिलं. मुलीकडच्या आम्ही पंधरा-वीस बायकाही आपापल्या चुकीच्या ब्लाऊजमध्ये ओळीनं उभ्या होतो, त्यामुळं तिला बहुतेक आमच्या गल्लीची रीतच तशी आहे असं वाटलं असावं. आपा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून समाधानानं मान डोलवत होत्या.

लग्नानंतर महिनाभरात आपा दुकानाच्या पायरीवरून पडल्या. पायरी दिसलीच नव्हती. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. पण त्या दिवशी चाचा गॅरेजमधून दुपारीच घरी आले, आपांच्या समोर बसले आणि मी त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य ऐकलं.

"गाडीची काच बदलली म्हणून रस्ता बदलत न्हाई. उद्या दवाखान्यात जायचं."

एवढं मोठं वाक्य ऐकून आपाही दबल्या असाव्यात.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं नंतर करायचं होतं. काळा चष्मा लावून आपा घरात बसल्या आणि दुकान बंद राहिलं. मी खाली जाऊन डोळ्यांत थेंब घालायचे. त्या कुणाशी फार बोलत नव्हत्या. मी मात्र माझ्या विवंचनेत होते. आता रविवारी त्या वर आल्या तर कपाट कसं असावं, बरोबर की चुकीचं? बराच विचार करून मी ठरवलं, आता त्यांना नीट दिसणार, म्हणजे कपाट बरोबरच हवं. तेवढं केलं की मागचं सगळं झाकलं जाईल. शनिवारी मी एकेक ओढणी तपासून लावली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

रविवारी आपा वर आल्या. चष्मा काढला, कपाट उघडलं. उजवा डोळा हातानं झाकला, पाहिलं. मग डावा झाकला, पाहिलं. पुन्हा उजवा. मला आधी हसू आलं.

"मास्तरीण, हा नवा डोळा हाय ना, ह्याच्यानं दूध दुधासारखं दिसतंय. जुन्यानं तेच दूध चहासारखं दिसतंय."

"सवय होईल, आपा."

"तुझं कपाट नव्या डोळ्यानं एकदम बरोबर दिसतंय. जुन्यानं चुकलेलं." त्यांनी दार हळूच लोटलं. "खाली माझं कपाट हाय. ते जुन्या डोळ्यानं बरोबर दिसतंय, आन नव्यानं... तौबा. ते मी लावलं. मग हे कुणी लावलं?"

खालच्या कपाटाचा मी विचारच केला नव्हता. इतक्या महिन्यांत एकदाही नाही.

"तुम्हीच की," मी म्हणाले.

"मी न्हाई. मी लावलं असतं तर चुकलं असतं." त्या पलंगावर बसल्या. "कवापासून?"

मी टाचणाची वही काढून त्यांच्या हातात दिली. दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी वही नव्या डोळ्याजवळ धरून यादी सगळी वाचली, केंद्रप्रमुखांच्या सहीसकट. मला वाटलं आता भडकतील. भडकल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आन दुकानातलं?" त्यांनी विचारलं.

मी काकूंच्या डाळिंबी पीसचं सांगितलं.

"सगळ्यांना बोलाव उद्या. मी दिलेले ब्लाऊज घेऊन या म्हणावं. एक बी लपवायचा न्हाई."

सोमवारी मी रजा टाकली. गल्लीत बातमी पसरली होती की आपा दुकान कायमचं बंद करणार. सकाळी दहाला बायका हातात पिशव्या घेऊन दुकानापुढं उभ्या राहिल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. काकूंची मुलगी माहेरपणाला आली होती, तीही होती. शटर अर्धं वर गेलं. आपा पायरीवर बसल्या, चष्मा काढला आणि एकेक ब्लाऊज उन्हात धरून बघायला लागल्या.

"हे आमसुली म्हणून दिलं मी?"

"व्हय आपा."

"आन तू घातलंस?"

"दोनदा. एकदा सत्यनारायणाला."

पुढचा. विटकरी. पुढचा. राखाडी, आकाशी म्हणून दिलेला. कुणी हसलं नाही. त्या प्रत्येक ब्लाऊजची बाही उलटून बघायच्या आणि घडी करून मांडीवर ठेवायच्या. ढीग वाढत गेला तसा त्यांचा चेहरा लहान होत गेला. शेवटी काकूंच्या मुलीनं पिशवीतून आपला काढला. उन्हात तो इतका निळा दिसला की काकूंनी मान फिरवली.

आपांनी तो मांडीवर न ठेवता हातातच धरला.

"अक्षता पडताना हे व्हतं तुझ्या अंगावर?"

"व्हय."

"तुझ्या आईनं हिरवा आणला नव्हता?"

"आणलता. शिवलाबी व्हता."

"मग कावून न्हाई घातलास? मला काय कळणार व्हतं? मी तर आंधळी बसलेली समोर."

"तुमाला न्हाई कळलं आसतं, आपा," मुलगी म्हणाली. "मला कळलं आसतं."

आपांनी ओढणी तोंडावर घेतली. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण ते आता कोण सांगणार? मीही रडत होते आणि टेलरकाकू तर मोठ्यानं. मग ओढणीमागून पहिल्यांदा आवाज आला तो असा, "अडाणी हायत सगळ्या! एकीला बी रंगातलं काय कळत न्हाई!" आणि त्या हसत होत्या. शटर पूर्ण वर गेलं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर आपांनी दुकानातला ताका न् ताका खाली काढून नव्यानं लावला. त्यानंतर महिनाभर त्या गल्लीत घरोघरी जाऊन कपाटं उघडत होत्या आणि चुकलेल्या प्रत्येक ब्लाऊजच्या जागी बरोबर रंगाचा पीस देत होत्या. नको म्हणायची सोय नव्हती. फक्त काकूंच्या मुलीकडून त्यांनी तो निळा ब्लाऊज मागून घेतला.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी खाली गेले. आपा आतल्या खोलीत स्वतःचं कपाट लावत होत्या. मी मदतीला उभी राहिले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळं जागच्या जागी, एक सूतही इकडचं तिकडं नाही. फक्त हिरव्यांच्या मधोमध तो निळा ब्लाऊज. इतकी वर्षं त्यांच्याकडून बोलणी खाल्ली होती, जाता जाता एकदा तरी चूक दाखवावी म्हणून मी तो उचलला आणि निळ्यांत ठेवायला गेले.

आपांनी माझ्या हातावर चापट मारली.

"ठेव तिथंच, मास्तरीण. ते हिरवं हाय."